भार वाटून घेणारे ट्रान्झिस्टर

दिवाळीत खिडकीवर सोडलेली छोट्या दिव्यांची जुनी माळ आठवा. तिच्यातला एकेक दिवा जेमतेम सहा व्होल्टचा. असा एक दिवा घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगला जोडला, तर तो क्षणात जळून जाईल. पण तसेच चाळीस दिवे एकसर जोडणीने जोडले, की प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा व्होल्ट येतात आणि माळ निर्धास्तपणे रात्रभर पेटत राहते. दिवा बदलला नाही, त्याची सहनशक्ती वाढली नाही. फक्त भार वाटला गेला.

आता घरातून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत येऊ. तेथे ७४१ या क्रमांकाची आठ पायांची एक छोटी काळी वडी हमखास सापडते. हा ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे विद्युतसंकेत कित्येक हजार पटींनी वाढवणारी एक आय.सी. तिच्या दोन प्रवेश-टोकांमध्ये ३० व्होल्टचा फरक पडला तरी तिला इजा होत नाही. गंमत अशी, की या आय.सी.तील बहुतेक ट्रान्झिस्टरांचा एमिटर-बेस हा जोड उलट दिशेने साधारण सात व्होल्टच सोसू शकतो. मग तीस व्होल्ट कोण सोसतो? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, की इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासातील एक लांबलचक धागा हाती लागतो. त्याचे एक टोक १९३९ सालच्या निर्वात नळ्यांमध्ये आहे आणि दुसरे आपल्या खिशातल्या मोबाइल फोनमध्ये.

पातळपणाची किंमत

ट्रान्झिस्टरला व्होल्टेजची मर्यादा का असते, हे आधी पाहू. सिलिकॉनच्या पी आणि एन या दोन प्रकारांच्या थरांच्या सीमेवर एक अरुंद पट्टा असतो. त्यात मुक्त विद्युतभार जवळजवळ नसतात. जोडाला उलट दिशेने व्होल्टेज दिले, की ते सारे या पट्ट्यावर पडते. पट्ट्यातील विद्युतक्षेत्र दर सेंटिमीटरला सुमारे तीन लाख व्होल्टपर्यंत, म्हणजे दर मायक्रोमीटरला तीस व्होल्टपर्यंत पोहोचले, की त्यात शिरलेला एखादा इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने धावतो की अणूंवर आदळून तो नवे इलेक्ट्रॉन मोकळे करतो. ते आणखी काहींना मोकळे करतात. डोंगरावरून एक दगड सुटावा आणि त्याने दरड आणावी, तसा प्रवाह एकदम वाढतो. यालाच जोड ‘कोसळणे’ म्हणतात.

यावर उपाय सोपा दिसतो: पट्टा रुंद करा. पण ट्रान्झिस्टरचे गुण नेमके त्याच्या पातळपणात आहेत. मधला थर, म्हणजे बेस, जितका पातळ, तितके एमिटरकडून आलेले इलेक्ट्रॉन वाटेत न हरवता कलेक्टरपर्यंत पोहोचतात. तितके विवर्धन अधिक आणि वेगही अधिक. शिवाय विवर्धन जास्त असेल, तर कलेक्टरच्या जोडात मोकळा झालेला थोडासा भारसुद्धा बेसमध्ये येऊन वाढवला जातो आणि कोसळण्याला हातभार लावतो. थोडक्यात, ट्रान्झिस्टर जितका गुणी, तितका नाजूक. हा सौदा निसर्गाने ठरवलेला आहे आणि त्यात घासाघीस चालत नाही. मात्र ट्रान्झिस्टर कोठे उभा करायचा आणि त्याच्या वाट्याला काय द्यायचे, हे परिपथ रचणाऱ्याच्या हाती असते.

दोन ट्रायोडांची जोडी

जानेवारी १९३९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एफ. व्ही. हंट आणि आर. डब्ल्यू. हिकमन यांनी व्होल्टेज स्थिर राखणाऱ्या परिपथांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. (हे हंट म्हणजे पुढे ‘सोनार’ हा शब्द रूढ करणारे ध्वनिशास्त्रज्ञ.) त्या काळी विवर्धनाचे काम ट्रायोड नावाची निर्वात नळी करी. तिच्यात एक खोड होती. जाळीवरच्या संकेताने नळीचा प्रवाह बदलावा अशी अपेक्षा; पण पट्टिकेवरचे व्होल्टेज हलले तरीही तो बदले. यावर पेंटोड ही पाच अग्रांची नळी उपलब्ध होती. फिलिप्स कंपनीत टेलेजेन यांनी ती १९२६ साली शोधली होती.

हंट आणि हिकमन यांनी पेंटोडऐवजी दोन ट्रायोड एकावर एक रचले. खालच्या नळीला संकेत द्यायचा आणि वरच्या नळीची जाळी ठरावीक व्होल्टेजला बांधून ठेवायची. मग वरच्या नळीचा कॅथोड त्या जाळीच्या आसपासच राहतो आणि खालच्या नळीची पट्टिका त्याच कॅथोडला जोडलेली असल्याने तिचे व्होल्टेजही जवळजवळ हलत नाही. बाहेरच्या व्होल्टेजचे सगळे हेलकावे वरची नळी सोसते. खालची नळी शांतपणे आपले काम करते. या रचनेला त्यांनी ‘कॅसकोड’ असे नाव दिले.

निर्वात नळ्या शेकडो व्होल्टवर सहज चालत. त्यामुळे व्होल्टेज सोसण्याची अडचण या दोघांपुढे नव्हती. त्यांना हवे होते अचूक विवर्धन. १९४८ साली वॉलमन, मॅक्नी आणि गॅड्सडेन यांनी हीच जोडी अत्यंत क्षीण संकेत वाढवण्यासाठी वापरली आणि १९५० च्या दशकात ती दूरचित्रवाणी संचांत जाऊन बसली. एका गरजेसाठी शोधलेली युक्ती दुसऱ्याच गरजेला उपयोगी पडावी, असे विज्ञानाच्या इतिहासात वारंवार घडते. कॅसकोडचे खरे मोल पुढे व्होल्टेजला भिणाऱ्या ट्रान्झिस्टरांच्या काळात कळले.

७०९ पासून ७४१ पर्यंत

१९६० च्या दशकात इंटिग्रेटेड सर्किट आले. सुट्या ट्रान्झिस्टरांनी परिपथ जोडणारा अभियंता बाजारातून हवा तो ट्रान्झिस्टर आणू शके: येथे जास्त व्होल्टचा, तेथे जास्त वेगाचा. आय.सी. रचणाऱ्याला ही मुभा नव्हती. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर, एकाच भट्टीत, त्याच अशुद्धींचे थर देऊन सगळे ट्रान्झिस्टर एकदम घडवायचे. म्हणजे एकाच पिठाच्या भाकऱ्या. त्यांत एनपीएन प्रकारचा ट्रान्झिस्टर उत्तम जमे. पण त्याच्या एमिटर-बेस जोडाच्या दोन्ही बाजूंना अशुद्धींचे प्रमाण बरेच असल्याने तेथील पट्टा अरुंद राही आणि सुमारे सात व्होल्टला कोसळे.

फेअरचाइल्ड कंपनीत बॉब विडलर या तरुण अभियंत्याने १९६५ साली ७०९ हा ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर रचला. तो खूप गाजला. पण त्याच्या दोन प्रवेश-टोकांत पाच व्होल्टपेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही, अशी सक्त ताकीद त्याच्या माहितीपत्रकात होती. सभोवतालचा परिपथ पंधरा-पंधरा व्होल्टवर चालत असताना असा फरक चुकूनही पडू शके, आणि मग आय.सी. बिघडे.

विडलर नंतर नॅशनल सेमिकंडक्टर या कंपनीत गेला. तेथे १९६७ साली त्याने एलएम १०१ तयार केला. त्यात प्रत्येक एनपीएन ट्रान्झिस्टरच्या पाठीशी एक पीएनपी ट्रान्झिस्टर जोडलेला होता. हा पीएनपी आडवा, म्हणजे एमिटर आणि कलेक्टर शेजारी शेजारी ठेवून बनवलेला. तो मंदगती, विवर्धनातही कमी. कोणी एरवी त्याची निवड केली नसती. पण त्याचा एमिटर-बेस जोड त्याच थरांचा असे, ज्यांचा एनपीएनचा कलेक्टर-बेस जोड असतो. त्यामुळे तो कित्येक दहा व्होल्ट आरामात सोसे, आणि तो बनवायला भट्टीत एकही जादा टप्पा लागत नसे. दोघे एकसर जोडल्यावर उलट व्होल्टेजचा मोठा वाटा पीएनपी उचलू लागला आणि एनपीएनची सुटका झाली. फेअरचाइल्डमध्ये डेव्ह फुलगर यांनी १९६८ साली याच धर्तीवर ७४१ रचला. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हे: तीस व्होल्ट सोसतो तो एरवी दुय्यम ठरलेला पीएनपी.

विडलरचा नाजूक ट्रान्झिस्टर

येथवर दुबळ्याला वाचवण्यासाठी दणकट सोबती दिला गेला. पुढच्याच वर्षी विडलरने याच्या उलट वाटावे असे पाऊल टाकले: त्याने मुद्दाम दुबळा ट्रान्झिस्टर बनवला.

कारण महत्त्वाचे होते. ७४१ च्या प्रवेश-टोकात सुमारे ८० नॅनोअँपिअर प्रवाह शिरतो. हा प्रवाह क्षुल्लक वाटेल. पण मोजायचा संकेत दहा लाख ओहम रोध असलेल्या साधनातून येत असेल, तर ओहमच्या नियमाने ८० मिलिव्होल्टची चूक होते. ज्या संवेदकाचा मूळ संकेतच काही मिलिव्होल्टचा, त्याचे मापन अशाने वाया जाते. हा प्रवाह कमी करायचा तर प्रवेशावरच्या ट्रान्झिस्टरचे विवर्धन खूप वाढायला हवे. विडलरने काही ट्रान्झिस्टरांचा एमिटर अधिक खोल जाऊ दिला. बेस अतिशय पातळ उरला आणि विवर्धन पाच हजारांच्या घरात गेले. पण किंमतही तशीच मोजावी लागली. हे ट्रान्झिस्टर जेमतेम चार व्होल्टला कोसळत, आणि त्यांना बसायचे होते वीस-वीस व्होल्टपर्यंत चालणाऱ्या परिपथात.

येथे कॅसकोड कामी आला, आणि तोही एका सुधारणेसह. प्रत्येक नाजूक ट्रान्झिस्टरच्या डोक्यावर एक साधा, जास्त व्होल्ट सोसणारा ट्रान्झिस्टर बसवला. वरच्याचा बेस एका ठरावीक व्होल्टेजला न बांधता खालच्याच्या एमिटरपेक्षा दोन जोडांइतका, म्हणजे साधारण १.२ व्होल्टने वर ठेवला. आता हिशेब करा. वरच्याचा एमिटर आपल्या बेसपेक्षा ०.६ व्होल्टने खाली, म्हणजे खालच्या एमिटरपेक्षा ०.६ व्होल्टने वर. खालच्याचा कलेक्टर तेथेच जोडलेला. आणि खालच्याचा बेसही आपल्या एमिटरपेक्षा ०.६ व्होल्टनेच वर. म्हणजे नाजूक ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेस यांच्यातील फरक जवळजवळ शून्य! संकेत दहा व्होल्ट वर गेला की सगळी रचनाच दहा व्होल्ट वर सरकते, आणि खाली आला की खाली. भरतीला होडी वर येते, ओहोटीला खाली जाते. होडीतल्या माणसाचे पाय मात्र फळीवरच राहतात, तसेच हे. मधला सारा फरक वरचा ट्रान्झिस्टर सोसतो.

हा एलएम १०८. १९६९ साली विडलरने याविषयी निबंध लिहिले. त्याच्या प्रवेशातील प्रवाह एक नॅनोअँपिअरच्याही आत, सुमारे ०.८ आला. वरच्या उदाहरणातील ८० मिलिव्होल्टची चूक ०.८ मिलिव्होल्टवर आली. ट्रान्झिस्टर दणकट करण्याचा हट्ट सोडला, म्हणूनच ही अचूकता मिळाली.

ऑक्साइडचे संकट

यानंतर आय.सी.चे जग मॉस ट्रान्झिस्टरांकडे वळले. यात गेट नावाचे अग्र सिलिकॉन डायऑक्साइडच्या अतिपातळ थराने खालच्या सिलिकॉनपासून वेगळे केलेले असते. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखवून दिले, की ट्रान्झिस्टरची सगळी मापे आणि व्होल्टेज एकाच प्रमाणात घटवली, तर तो अधिक वेगवान आणि काटकसरी होतो. या वाटेने जाताना १९९० च्या दशकात आय.सी.चे व्होल्टेज ५ वरून ३.३ वर, मग २.५ वर आणि नंतर १.२ च्या आसपास आले. २.५ व्होल्टच्या ट्रान्झिस्टरमध्ये ऑक्साइडची जाडी अवघी पाच नॅनोमीटर. चांगला ऑक्साइड दर नॅनोमीटरला सुमारे एक व्होल्टला फुटतो. वर्षानुवर्षे टिकायचा असेल तर त्याच्या निम्मेच व्होल्टेज द्यावे लागते. एकदा फुटलेला ऑक्साइड पुन्हा सांधत नाही.

आय.सी. आक्रसली, पण बाहेरचे जग आक्रसले नाही. टेलिफोनच्या तारांवरून वेगाने माहिती पाठवायची तर काही व्होल्टचा दणकट संकेत लागतोच. जुनी उपकरणे पाच व्होल्टचीच भाषा बोलत राहिली. यावर एक मार्ग म्हणजे खास जास्त व्होल्टचे ट्रान्झिस्टर घडवणे. फिलिप्सच्या आपेल्स आणि व्हास यांनी १९७९ साली विद्युतक्षेत्र पृष्ठभागावर समान पसरवण्याची रीत मांडली. इटलीतील एसजीएस कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यास एकाच चिपवर तीन प्रकारचे ट्रान्झिस्टर घडवून साठ व्होल्टची मजल गाठली. हे मार्ग आजही भरपूर वापरले जातात. पण त्यांना भट्टीत जादा टप्पे लागतात, आणि अगदी नव्या, सूक्ष्म मापांच्या चिपवर ते बहुधा मिळत नाहीत. तेव्हा प्रश्न पुन्हा तोच: हाती आहेत तेवढ्याच नाजूक ट्रान्झिस्टरांनी काम कसे भागवायचे?

तीन मजली मनोरा

२००१ साली फिलिप्सच्या संशोधकांनी २.५ व्होल्टच्या ट्रान्झिस्टरांनी ५.५ व्होल्ट हाताळून दाखवले. त्यानंतर बेल्जियममधील लुव्हेन येथील सेर्नील्स, स्टेयार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसल्याच ट्रान्झिस्टरांवर ७.५ व्होल्टचा निर्गम-टप्पा रचला. त्यांचा निबंध २००५ साली प्रसिद्ध झाला. तीन ट्रान्झिस्टर एकावर एक, प्रत्येकाला २.५ व्होल्ट. अगदी दिव्यांची माळ! पण माळेतला दिवा सतत तसाच पेटलेला असतो. येथे निर्गमाचे व्होल्टेज सेकंदाला लाखो वेळा खालीवर होते, आणि त्यातल्या प्रत्येक क्षणी वाटणी सारखी राहायला हवी. अडचण कोठे येते, हे मुलांकडून फळ्यावर सोडवून घेण्यासारखे आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारे थोडेसे व्होल्टेज आपण सोडून देऊ.

निर्गम ७.५ व्होल्टवर आहे असे समजा. मनोऱ्यातले तिन्ही ट्रान्झिस्टर बंद. सारखी वाटणी हवी, म्हणून मधले सांधे २.५ आणि ५ व्होल्टवर असले पाहिजेत. त्यासाठी गेटवर खालून वर ०, २.५ आणि ५ व्होल्ट द्यावे लागतात. आता निर्गम शून्यावर आणायचा. तिन्ही ट्रान्झिस्टर चालू झाले, म्हणजे सगळे सांधे शून्यावर आले. खालच्या गेटवर २.५ व्होल्ट दिले. मधल्या गेटवर २.५ आहेतच. पण वरच्या गेटवर ५ व्होल्ट तसेच राहिले तर? त्याच्या पाच नॅनोमीटरच्या ऑक्साइडवर पुरे पाच व्होल्ट पडतील आणि तो फुटेल. म्हणून वरचे गेटही निर्गमाबरोबर ५ वरून २.५ वर उतरले पाहिजे. ना आधी, ना नंतर. विडलरच्या होडीचेच हे नवे रूप. ट्रान्झिस्टर रचणे सोपे, त्यांना एकमेकांच्या तालात हलवणे अवघड. दहीहंडीच्या थरात एकाने अवेळी पाय हलवला की काय होते, हे आपण जाणतोच.

मनोरा हवा तितका उंच नेता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. सगळ्या ट्रान्झिस्टरांच्या खाली सिलिकॉनची एकच जमीन असते. सर्वांत वरच्या ट्रान्झिस्टरचा त्या जमिनीशी असलेला जोड मात्र पूर्ण व्होल्टेज एकट्याने सोसतो. ते वाटून घ्यायला त्याला कोणी साथीदार नसतो. या जमिनीपासून प्रत्येक ट्रान्झिस्टर ऑक्साइडच्या थराने वेगळा केला, तर मनोरा आणखी उंच करता येतो. मोबाइल फोनच्या अँटेनाशी असलेले स्विच असेच बनवतात. त्यात कमी व्होल्टचे अनेक ट्रान्झिस्टर एकसर रचून कित्येक दहा व्होल्टचे हेलकावे सोसले जातात.

आणि हेच तत्त्व प्रचंड आकारात पाहायचे असेल, तर दूर जायला नको. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला एकदिश विजेची जी वाहिनी १९९९ साली सुरू झाली, ती अधिक-उणे पाच लाख व्होल्टची आहे. तेथे विजेचे रूपांतर करणारे थायरिस्टर एकेकटे काही हजार व्होल्टच सोसतात. म्हणून ते मोठ्या संख्येने एकसर रचलेले असतात आणि वाटणी सारखी राहावी म्हणून प्रत्येकाला रोध आणि धारित्र यांची साथ दिलेली असते.

वर्गात करून पाहा

यासाठी विजेऱ्यांत वापरतात तसे २.५ व्होल्टचे तीन सारखे दिवे, दीड व्होल्टचे पाच सेल आणि एक व्होल्टमीटर पुरे. पाच सेलांचे होतात साडेसात व्होल्ट, म्हणजे लुव्हेनच्या चिपइतकेच. तीन दिवे एकसर जोडा आणि प्रत्येकावरचे व्होल्टेज मोजा. ते जवळजवळ सारखे येईल. आता त्यांतला एक काढून त्याच्या जागी २.५ व्होल्टचाच, पण कमी प्रवाहावर चालणारा दिवा लावा. त्याचा रोध जास्त असल्याने त्याच्या वाट्याला अडीच व्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेज येईल. तो डोळे दिपवील, कदाचित जळेल आणि त्याच्याबरोबर सगळीच माळ विझेल. मग मुलांना विचारा: दिव्यावर तर २.५ व्होल्टच लिहिले होते, एकूण व्होल्टेजही तेवढेच होते. मग चूक कोणाची झाली? नुसते एकत्र उभे राहिल्याने भार वाटला जात नाही, वाटणी आखावी लागते, एवढे त्यांच्या तोंडून आले, की विडलरचा परिपथ त्यांना अर्धा समजला म्हणायचा.